एकतीस गुणांची क्लिप आणि हरलेला सामना

पत्र: माझा मुलगा इथे ओहायोत एका डिव्हिजन वन (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज लहान आहे, पण तो बास्केटबॉलच्या संघात पहिल्या पाचांत असतो. गार्ड खेळतो, उंची ६ फूट ३ इंच, वय २१ पूर्ण. यंदा सामन्याला सरासरी १७.६ गुण काढतोय. महिन्यापूर्वी एका एजंटचा फोन आला, तेव्हापासून त्याच्या डोक्यात जूनचा ड्राफ्ट बसलाय, म्हणजे एनबीए या इथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक लीगचे संघ नवी पोरं निवडतात तो. त्याचे बाबा म्हणतात, आधी डिग्री घे, मग काय नाचायचं ते नाच. सांगलीच्या घरच्या ग्रुपवर सगळे त्याला 'आपला एनबीए' म्हणतात. मी स्वतः खो-खो खेळले, जिल्ह्यापर्यंत गेले, पण बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. लेकात खरंच दम आहे की सगळे नुसतं कौतुक करताहेत, हे आईने ओळखायचं कसं? त्याचे यंदाचे आकडे आणि दोन चित्रफिती जोडल्या आहेत. — एक आई, ओहायो

ताई,

पहिली चित्रफीत चार मिनिटांची, त्याने ३१ गुण काढलेल्या सामन्याची, मागे गाणंबिणं लावलेली. दुसरी तुम्ही जरा संकोचूनच जोडलेली दिसते: नोव्हेंबरातला पूर्ण सामना, एका मोठ्या विद्यापीठाच्या कोर्टवर २७ गुणांनी हरलेला. खाली लिहिलंत, 'हा त्याला आवडत नाही, पण हाही पाहा.' पहिली मी एकदा पाहिली. दुसरी तीनदा पाहिली, त्यातही एकदा आवाज बंद करून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दुसरीत आहे. ती पाठवायची बुद्धी तुम्हाला झाली, तेव्हा ते ओ की ठो वगैरे राहू द्या.

मी इथे इंडियानात एका कॉलेज संघाच्या व्हिडिओ खोलीत अकरा वर्षं काढली. सामन्यांचे तुकडे पाडायचे, कोचला हवे ते क्षण शोधून द्यायचे आणि अधूनमधून येणाऱ्या एनबीएच्या स्काउटला, म्हणजे खेळाडू हेरायला येणाऱ्या माणसाला, कॉफी आणून शेजारी बसायचं, असं ते काम. ३१ गुणांची क्लिप मागणारा एकही स्काउट मला त्या अकरा वर्षांत भेटला नाही. 'तुमच्याहून मोठ्या संघाशी हरलेला सामना लाव,' हेच ते म्हणायचे.

नोव्हेंबर-डिसेंबरात लहान कॉलेजं मोठ्या विद्यापीठांकडे खेळायला जातात. यजमान त्यासाठी पाहुण्यांना पैसे मोजतो, पाहुणे बहुधा हरतात आणि त्या पैशांवर त्यांच्या खेळ विभागाचा संसार चालतो. जानेवारीपासून तुमचा मुलगा आपल्याच आकाराच्या पोरांशी खेळतोय, तिथे त्याचा शॉट सहज सुटतो. नोव्हेंबरातल्या त्या सामन्यात समोरचा बचावपटू साडेसहा फुटांचा होता आणि त्याचे हात आणखी लांब. एनबीएत रोज रात्री हाच माणूस समोर असतो. म्हणून लहान कॉलेजच्या खेळाडूचे वर्षातले ते तीन-चार सामने आधी बघायचे आणि बाकीचे पंचवीस त्यानंतर.

त्या सामन्यात त्याने १३ शॉट मारले, ३ पडले. गुण ९, टर्नओव्हर, म्हणजे चेंडू हातचा घालवणं, ५. हे आकडे बघून घाबरू नका, आपण तिकडे परत येऊ.

आधी एका रात्रीची गोष्ट सांगतो. २३ जून २०११, न्यू जर्सीतल्या नेवार्क शहरात एनबीएचा ड्राफ्ट झाला. त्या वर्षी कॉलेज बास्केटबॉलमध्ये एकाच नावाचा गजर होता: ब्रिगम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट. सामन्याला २८.९ गुण, देशात सर्वांत जास्त. अर्ध्या कोर्टाच्या अलीकडे पाऊल पडलं की मारायचा आणि पडायचेही. वर्षाचे सगळे मोठे किताब त्याला मिळाले. तो दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. अकराव्यावर क्ले थॉम्प्सन गेला. पंधराव्यावर सॅन डिएगो स्टेटचा कवाय लेनर्ड, ज्याची कॉलेजातली सरासरी साधारण पंधरा गुणांची आणि थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट) शंभरात पंचविसाच्या आसपास पडणारे. तिसाव्यावर, म्हणजे पहिल्या फेरीच्या अगदी शेपटाला, मार्केट विद्यापीठाचा जिमी बटलर. त्याला शाळेतून बाहेर पडताना कोणी मोठ्या कॉलेजने विचारलं नव्हतं, टेक्सासमधल्या एका दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातून तो वर आला होता. आणि साठाव्यावर, म्हणजे त्या रात्रीचं शेवटचं नाव, पाच फूट नऊ इंचांचा आयझेया थॉमस.

पुढे काय झालं? लेनर्ड दोनदा अंतिम मालिकेचा मानकरी ठरला. बटलरने मायामीला दोनदा अंतिम फेरीत नेलं. थॉम्प्सनने चार विजेतेपदं पाहिली. फ्रेडेटला एनबीएत कुठे पाय रोवता आले नाहीत, पाच-सहा संघ फिरला. आणि गंमत अशी की साठावा आयझेया थॉमस २०१६-१७ मध्ये बॉस्टनकडून एनबीएतच सरासरी २८.९ गुण काढून गेला. फ्रेडेटचा कॉलेजातला तोच आकडा, दशांशासकट.

फ्रेडेटला नेम साधता येत नव्हता असं कोणी म्हणणार नाही. कॉलेजात चेंडू त्याच्या हातात असायचा, सगळा संघ त्याच्याभोवती मांडलेला असायचा. वरच्या पातळीवर गेल्यावर चेंडू दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो. मग तुम्ही त्या वेळात काय करता? रिबाऊंडला, म्हणजे हुकलेला चेंडू पकडायला, जाता का, बचावात उभे राहू शकता का, दोन सेकंदांत निर्णय घेता का? लेनर्ड सहा फूट सात इंचांचा असून सामन्याला दहाच्या आसपास रिबाऊंड काढत होता आणि त्याच्या पसरलेल्या हातांची लांबी सात फूट तीन इंच भरली होती. शूटिंग तो नंतर शिकला. बटलर कोणाच्याही अंगावर बचावाला जायचा. चेंडू हातात नसतानाही ते कामाचे होते.

आता तुमच्या चिरंजीवांचे आकडे. १७.६ मी तूर्त झाकून ठेवतो.

थ्री-पॉइंटर ३९ टक्के लिहिलेत. छान दिसतं. पण ते ११० पैकी ४३ आहेत. यातले पाच रिंगवर फिरून बाहेर पडले असते तर टक्केवारी साडेचौतीस झाली असती आणि तुम्हाला एजंटचा फोन आला नसता. एका हंगामाचे थ्री-पॉइंटर म्हणजे वळवाचा पाऊस, त्यावर पेरणी करू नये. त्यापेक्षा फ्री थ्रो, म्हणजे फाऊलनंतर मिळणारे मोकळे शॉट, बघा. तिथे कोणी अंगावर येत नाही, अंतर तेच, रिंग तीच. हात कसा आहे ते तिथे कळतं. तीन हंगामांत मिळून त्याने २९० पैकी २०६ टाकलेत, म्हणजे ७१ टक्के. डेव्हिडसनसारख्या छोट्या कॉलेजात असताना, पुढे एनबीएचा सर्वांत गाजलेला शूटर झालेला स्टीफन करी ८५ टक्क्यांच्या वर होता. करीशी तुलना अन्यायाची आहे, कबूल, पण 'शूटर' म्हणून ओळख सांगणाऱ्या गार्डला ७१ कमी पडतात. शिवाय कॉलेजची थ्री-पॉइंट रेघ २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे आणि एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. दीड फूट ऐकायला कमी वाटतं. थकलेल्या पायांना विचारा.

दुसरा आकडा असिस्ट (ज्या पासवर बास्केट होतं तो) ३.१ आणि टर्नओव्हर ३.४. देण्यापेक्षा घालवणं जास्त. यावर माझं मत जरा वेगळं आहे. हरलेल्या सामन्यातले ते पाच टर्नओव्हर मी एकेक करून पाहिले. तीन निव्वळ निष्काळजी होते: दोघांच्या मधून ड्रिबल काढायला गेला आणि चेंडू पायावर आपटला, असे. उरलेल्या दोन ठिकाणी मी चित्रफीत थांबवून मागे नेली. उत्तरार्धात, साधारण बाराव्या मिनिटाला, तो उजवीकडून रिंगकडे घुसतो. दोघे त्याच्यावर येतात आणि तो न बघता डाव्या हाताने थेट डाव्या कोपऱ्यात चेंडू फेकतो. कोपऱ्यातला गडी अजून छातीसमोर हातसुद्धा आणत नाही, चेंडू त्याच्या खांद्याला लागून बाहेर. हिशेबात ही चूक तुमच्या मुलाच्या नावावर पडली. माझ्या लेखी तो त्या सामन्यातला त्याचा सर्वांत चांगला क्षण. तो पास योग्य होता, घेणारा एक पाऊल मागे होता. चौथ्या टर्नओव्हरचंही तेच. ही नजर शिकवून येत नाही. स्काउट आला असेल तर वहीत त्याने हेच टिपलं असेल, ३१ गुण टिपले नसतील.

आता वाईट बातमी, आणि इथे मला तुमच्या खो-खोची मदत हवी.

खुंटांच्या मध्ये आठ जणी बसलेल्या असतात, एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. कच्ची मुलगी 'खो' ऐकल्यावर उठते. पक्की मुलगी पाठलाग करणारी कुठून येतेय, पळणारी कुठे वळतेय हे बघत असते. पाठीवर थाप पडायच्या आधीच तिचं वजन पुढच्या पायावर आलेलं असतं. तुम्ही जिल्ह्यापर्यंत गेलात, म्हणजे तुम्हाला हे बसल्या जागी दिसतं. मग तुमच्या मुलाच्या बचावाकडे तसंच बघा. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या बाजूला असताना तो कसा उभा आहे? मी पाहिलं तेव्हा तो ताठ उभा होता, गुडघे सरळ, हात मांड्यांजवळ, नजर चेंडूवर खिळलेली. त्याच्या अंगावरचा गडी मागून निसटला आणि रिंगखाली जाऊन सोपं बास्केट करून आला. एकदा नाही, चारदा. प्रत्येक वेळी तो 'खो' ऐकून उठला.

कॉलेजात हे झाकलं जातं. तिथे बचावाचे मोठे गडी रिंगखालीच ठाण मांडून बसू शकतात, गार्ड चुकला तरी मागे भिंत असते. एनबीएत तीन सेकंदांहून जास्त वेळ कोणाच्याही अंगावर न जाता रिंगखाली थांबलं तर फाऊल धरतात. त्यात शॉट घ्यायला ३० ऐवजी २४ सेकंद. समोरचा संघ पहिल्या दोन मिनिटांत हेरतो की कच्चा दुवा कोण, आणि मग रात्रभर त्याच्याच दिशेने पिक लावतो. म्हणजे काय, तर आपला गडी आडवा उभा करून तुमच्या मुलाला मुद्दाम चेंडूवाल्यासमोर आणायचं. गार्ड कितीही गुण काढो, पलीकडे तेवढेच देऊन आला तर कोच त्याला बसवतो.

उंचीचंही बोलून घेऊ. कॉलेजच्या पत्रकावर सगळेच एक-दोन इंच वाढलेले असतात. मे महिन्यात शिकागोत एनबीएचं जे कंबाइन, म्हणजे ड्राफ्टआधीची मोजमापं आणि चाचण्या, होतं, तिथे बूट काढून मोजतात. मग हातांची लांबी आणि उभ्याने हात वर करून पोच. मिशिगन स्टेटचा ड्रेमंड ग्रीन बुटांशिवाय साडेसहा फुटांच्या आतच भरला, पण हात सात फूट एक इंच. पस्तिसाव्या क्रमांकावर गेला आणि अख्ख्या लीगमध्ये बचावाचा बादशहा झाला. लेकाला भिंतीला पाठ लावून उभं करा, हात पसरायला सांगा आणि शिवणकामाच्या टेपने मोजा. उंचीएवढेच भरले तर एनबीएच्या हिशेबात तो आखूड हातांचा. मग डोकं आणि पाय तेवढे जास्त चालावे लागतात. ते चालवून वर गेलेलेही आहेत. व्हिलानोवाचा जेलन ब्रन्सन २०१८ मध्ये कॉलेजातला सर्वोत्कृष्ट खेळाडू होता, तरी 'बुटका, सावकाश' म्हणून तेहतिसाव्या क्रमांकापर्यंत कोणी घेतला नाही. आज न्यूयॉर्कचा संघ त्याच्याभोवती फिरतो. पण ब्रन्सन चेंडू फुकट घालवत नसे.

तर माझं मत, एका पूर्ण सामन्यावरून आणि तुमच्या आकड्यांवरून दिलेलं, तेवढ्याच वजनाचं घ्या. या जूनमध्ये एनबीए त्याला घेणार नाही. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेच्या वर कॉलेजं, म्हणजे पाच हजारांवर पोरं. ड्राफ्टमध्ये जागा फार तर साठ, त्यांतल्याही काही परदेशातून आलेले घेऊन जातात. एनबीएचे ३० संघ, प्रत्येकी पंधरा पक्के खेळाडू आणि तीन 'टू-वे' करारावरचे, म्हणजे एनबीए आणि तिच्या खालची लीग असे दोन्हीकडे खेळणारे, की झालं. पण त्या डाव्या हाताच्या पासवरून सांगतो, आणखी एक वर्ष घासलं, टर्नओव्हर दोनवर आणले, बचावात गुडघे वाकवायला शिकला, तर बास्केटबॉलवर पोट भरणारा माणूस तो होऊ शकतो. जर्मनी, तुर्कस्तान, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, जपान, कितीतरी देशांत व्यावसायिक लीग आहेत आणि त्या अमेरिकन गार्डांनी भरलेल्या आहेत. फ्रेडेटचंच घ्या. एनबीएत नापास झालेला हा माणूस शांघायमध्ये देव झाला, पुढे ग्रीसमध्ये खेळला आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला थ्री-बाय-थ्रीच्या (तीन-तीन जणांच्या बास्केटबॉलच्या) अमेरिकन संघात होता. याला अपयश म्हणणाऱ्याने आधी आपली नोकरी बघावी.

सांगलीच्या ग्रुपला हे समजावणं मात्र माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. त्यांना सतनाम सिंगची बातमी एव्हाना दहा वेळा फॉरवर्ड झाली असेल. २०१५ मध्ये डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर निवडलेला पहिला भारतीय. त्याच्या वाट्याला एनबीएचा एकही सामना आला नाही, हा भाग फॉरवर्डमध्ये सहसा नसतो.

एजंटविषयी. फोन करायला त्याला काही पडत नाही. वीस पोरांना फोन करायचे, एखादं लागलं तर लागलं. एनबीएच्या करारावर त्याला फार तर चार टक्के मिळतात, परदेशातल्या करारावर दहाच्या आसपास, म्हणून 'एनबीए' म्हणत म्हणत गाडी कुठल्या स्टेशनला नेतोय ते बघा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसात, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या कचेरीत, जाऊन विचारायला लावा. एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची नियामक संस्था, तिची मान्यता नसलेल्या एजंटशी करार झाला की कॉलेजचं खेळणं धोक्यात आलं. तोंडी होकारसुद्धा देऊ नका.

त्याला ड्राफ्टमध्ये नाव द्यायचंच असेल तर अडवू नका, असं मी म्हणेन. तुमचे यजमान रागावतील, पण ऐका. नाव देऊन, ठरलेल्या मुदतीत मागे घेऊन परत कॉलेजात खेळता येतं. एनबीएची एक समिती अशा विद्यार्थ्यांना लेखी अंदाज देते, कुठल्या फेरीत जाल, जाल की नाही. फुकट. अंदाज 'नाही' आला तर ते एनबीएने सांगितलेलं असेल, आई-बाबांनी नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी या दोन गोष्टींत फार फरक असतो.

आणि परत येण्यात आता तोटा उरलेला नाही. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे घेता येतात, २०२५ पासून तर विद्यापीठं थेट उत्पन्नात वाटा देऊ लागलीत. एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामाला सुमारे ४३ हजार डॉलर मिळायचे. चांगला गार्ड मोठ्या कॉलेजात चौथ्या वर्षी त्याहून जास्त घेतो आणि वर डिग्रीही. ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) मोठ्या कॉलेजची बोलावणी येतील तेव्हा पैशांआधी एक विचारा: चेंडू त्याच्या हातात नसताना त्याने काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? ज्या कोचला या प्रश्नाचं उत्तर नेमकं देता येईल तिथे जाऊ दे. डिग्रीचं मी वेगळं काही लिहीत नाही, त्या बाबतीत त्याचे बाबा बरोबर आहेत आणि ते त्यांना माहीतही आहे.

घरच्या कोर्टवरच्या पुढच्या सामन्याला आईबापांच्या रांगेत बसू नका. रिंगच्या मागे, कोपऱ्यात जागा घ्या. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त त्याच्या गुडघ्यांकडे. किती वेळा वाकलेले, किती वेळा सरळ, रेघा मारा. खो-खोच्या पंचांनी मारल्या असत्या तशाच. तो कागद मला पाठवा.

आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीच्या खुणा केलेल्या असतीलच तुम्ही, प्रत्येक वाढदिवसाच्या. शेवटची खूण बूट काढून घेतली होती का, तेवढंही कळवा.